‘कधी तरंग, कधी कण’ हे वाक्य फळ्यावरून पुसायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या भौतिकशास्त्रात प्रारण आणि द्रव्य यांच्या द्वैत स्वरूपाचा धडा आहे. तो शिकवायची वेळ येते वर्षाच्या शेवटाकडे, बोर्डाची परीक्षा तोंडावर आली असताना. मग विदर्भातल्या गावखेड्यांतल्या अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत फळ्यावर एक वाक्य उतरते, ‘प्रकाश कधी तरंगासारखा वागतो, कधी कणासारखा’. त्याखाली दोन सूत्रे, चार गणिते, आणि धडा संपला. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांना अकरावीपासून हे सगळे इंग्रजीत घोकावे लागते. वाक्य पाठ होते; पण म्हणजे नेमके काय, असे विचारले की वर्ग गप्प. यात मुलांचा दोष नाही. ते वाक्यच फसवे आहे.

ऐकणाऱ्याला वाटते, प्रकाश म्हणजे गावात येणारा बहुरूपी. आज पोलीस, उद्या साधू. प्रत्यक्षात प्रकाश वेष बदलत नाही. तो पसरतो तरंगासारखा आणि सापडतो दाण्यासारखा, आणि हे दोन्ही एकाच प्रयोगात घडते. वाटेत असताना तो उघड्या असलेल्या सगळ्या वाटांनी पसरतो. पडद्यावर, डोळ्यात किंवा सौर पॅनेलमध्ये शोषला जातो तेव्हा मात्र पुरा एक दाणा जातो. अर्धा नाही, पाव नाही. त्या दाण्यात ऊर्जा किती, हे ठरते तरंगलांबीवरून, म्हणजे तरंगाच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतच्या अंतरावरून. म्हणजे कणाचे माप तरंगाच्या मापातच दडलेले आहे. हे तोंडी सांगून पटत नाही, पण तालुक्याच्या बाजारात मिळणाऱ्या सामानावर दाखवता येते. ते कसे, हेच या पत्रात लिहीत आहोत.

सुरुवात केसापासून करावी. किल्लीच्या छल्ल्याला असतो तो लाल लेझर, पुठ्ठा, चिकटपट्टी, कपडे वाळत घालायचा चिमटा आणि दोन विटा एवढे पुरे. पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याएवढे भोक पाडून त्यावर एक केस उभा, ताठ चिकटवा. केस धुतलेला असावा. तेलाचा अंश राहिला की प्रकाश वाटेल तिकडे फाकतो आणि पट्टे धुरकट होतात. लेझर विटांवर ठेवून बटणावर चिमटा लावा. हातात धरलेल्या लेझरवर मोजणी कधीच होत नाही. केसापासून भिंत ३ मीटरवर असू द्या आणि भिंतीवर पांढरा कागद लावा. जिथे केसाची उभी सावली पडायला हवी तिथे प्रकाशाच्या ठिपक्यांची आडवी रांग दिसते आणि ठिपक्यांच्या मध्ये काळ्या जागा. मोजायच्या त्या काळ्या जागा, कारण उजळ ठिपक्याचा मध्य डोळ्याला ठरवता येत नाही. डावीकडच्या पाचव्या काळ्या जागेपासून उजवीकडच्या पाचव्यापर्यंतचे अंतर घेऊन त्याला १० ने भागा. समजा २८ मिलिमीटर आले. लेझरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) धरली तर ६५० नॅनोमीटर गुणिले ३ मीटर भागिले २८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ०.०७ मिलिमीटर ही केसाची जाडी. तोच केस स्क्रू गेजमध्ये धरून ताडून पाहा. मग केसाच्या जागी लवचिक वायरीतली ०.२ मिलिमीटरची एकच तार लावा. पट्ट्यांमधले अंतर १० मिलिमीटरच्या आत येते. अडथळा जाड झाला आणि पट्टे अरुंद झाले. छर्ऱ्यांचा मारा असता तर जाड तारेमागे रुंद सावली पडली असती. हे उलटे वागणे तरंगाचे.

आता दोन फटींचा प्रयोग. थॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रकाश तरंग आहे हे ज्या युक्तिवादाने मांडले, तो हाच. पुस्तकात याची आकृती असते, प्रत्यक्ष फट मात्र क्वचितच कुणी करून पाहते. ती करणे अवघड नाही, फक्त घाई चालत नाही. सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी घ्या आणि गोड्या तेलाच्या दिव्यावर किंवा मेणबत्तीवर सतत फिरवत एका बाजूला काजळी धरा. एकाच जागी धरली तर काच तडकते. पट्टीतून ज्योत दिसेनाशी झाली की काजळी पुरेशी झाली. काच थंड होऊ द्या. दाढीची दोन पाती घेऊन त्यांच्यामध्ये वहीच्या कागदाचा कपटा ठेवा आणि तिन्ही घट्ट दाबून धरा. पाते सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचे असते. कागद धरून दोन धारांमधले अंतर सुमारे ०.२ मिलिमीटर होते. पट्टी धरून एकदाच, हलक्या हाताने, सरळ रेघ ओढा. एका ओढीत दोन समांतर रेघा उमटल्या पाहिजेत.

इथे चुका ठरलेल्या होतात. जोर जास्त पडला तर रेघा रुंद होऊन एकमेकींना मिळतात आणि फट एकच उरते. पाती तिरपी पडली तर एकच रेघ उमटते. म्हणून लेझर लावण्याआधी भिंगातून रेघा पाहा. रेघा दोन आहेत, पण पट्टे नाहीत, असे झाले तर लेझरचा झोत एकाच फटीवर पडतो आहे. पट्टी केसभर सरकवा. तिसरा घोटाळा सर्वांत जास्त वेळ खातो. लेझरचा प्रकाश खडबडीत जागेवर पडला की बारीक रवाळ ठिपके चमकतात आणि मुले त्यांनाच पट्टे समजतात. ओळखायचे सोपे आहे: डोके इकडेतिकडे हलवा. रवाळ ठिपके डोक्याबरोबर सरकताना दिसतात, खरे पट्टे कागदावर जागच्या जागी राहतात. ३ मीटरवर पट्ट्यांमध्ये सुमारे १ सेंटीमीटर अंतर येते.

पट्टे दिसले की बहुतेक जण थांबतात. खरी गोष्ट त्यापुढे आहे. मधल्या पट्ट्याशेजारच्या काळ्या जागेवर पेन्सिलीने बारीक फुली मारा. एका मुलाने नजर त्या फुलीवर ठेवावी. दुसऱ्याने तिसरे पाते हळूच सरकवत एक फट झाकावी. पट्टे पुसले जातात आणि फुलीवर उजेड येतो! प्रकाश येण्याची एक वाट बंद केली आणि अंधारात होती ती जागा उजळली. फट पुन्हा उघडली की ती जागा पुन्हा काळी. दोन पोत्यांना दोन भोके पडली तर खाली सांडलेल्या धान्याचा ढीग वाढतो, कमी होत नाही. दाण्यांची फक्त बेरीज होते. एकमेकांना खोडून काढणे तरंगांनाच जमते. परातीत बोटभर पाणी घेऊन दोन बोटांनी एकाच ठेक्यात टोचत राहिले तर पाण्यावरही अशा न हलणाऱ्या रेषा दिसतात. भंडारा, गोंदियाकडच्या मुलांना परात नको असेल तर मामा (माजी मालगुजारी) तलावाचे शांत पाणी आहेच. पेन्सिलीच्या त्या फुलीवर एक तास गेला तरी हरकत नाही.

इथवर तरंग. दाणा दाखवायला शाळेत जस्ताची पट्टी आणि सुवर्णपत्र विद्युतदर्शी (विद्युतभार ओळखायचे उपकरण) वापरायची जुनी पद्धत आहे. ती आम्ही सुचवत नाही. जस्तातून इलेक्ट्रॉन बाहेर पडायला सुमारे ४.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट (दाण्याची ऊर्जा मोजायचे माप) लागतात, म्हणजे २९० नॅनोमीटरच्या आतला अतिनील प्रकाश. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात तो जवळजवळ नसतोच, आणि साधी काचही तो अडवते. मग कुणीतरी पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली २५४ नॅनोमीटरची नळी उघडून लावतो. त्या प्रकाशाने डोळे आणि कातडी भाजते, आणि ते काही तासांनी कळते. पावसाळ्यात तर दमट हवेमुळे विद्युतदर्शीवरचा भार आपोआप उतरतो आणि प्रयोग यशस्वी झाल्याचा भास होतो. हा नाद सोडावा.

त्याऐवजी तवा घ्या आणि सौर दिव्याचे लहान पॅनेल घ्या. सौर कृषिपंपामुळे पॅनेल आता शेतोशेती दिसते, तेव्हा वस्तू ओळखीची आहे. प्रयोग अंधाऱ्या खोलीत करायचा. पॅनेलच्या दोन टोकांना मल्टिमीटर मिलिअँपिअरच्या पट्टीवर जोडा. चुलीवर तापवलेला लोखंडी तवा खाली उतरवून पॅनेलपासून वीतभर अंतरावर उभा धरा. तळहात तिथे ठेवला तर धग सोसवत नाही, एवढी ऊर्जा येते. मल्टिमीटर मात्र शून्य दाखवतो. तवा बाजूला करून मोबाईलची बॅटरी तेवढ्याच अंतरावर लावा. हाताला उबही जाणवत नाही, पण आकडा लगेच चढतो.

ऊर्जा नुसती प्रवाहासारखी ओतली जात असती, तर तव्याने बाजी मारली असती. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि ते एकाच दाण्याकडून, एकरकमी मिळावे लागतात. तव्याच्या उष्ण प्रारणातले दाणे पुष्कळ, पण प्रत्येक चिल्लर. दहापट आले तरी व्यवहार होत नाही. मोबाईलच्या उजेडातले दाणे थोडे, पण प्रत्येक पावणेदोन ते पावणेतीन इलेक्ट्रॉनव्होल्टचा. प्रकाशविद्युत परिणामात, म्हणजे प्रकाशाने इलेक्ट्रॉन सुटण्यात, ‘उंबरठा वारंवारता’ म्हणतात ती हीच किमान अट. आइन्स्टाइन यांनी १९०५ साली नेमके हेच म्हटले: प्रकाश वाढवला तर इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, एकेका इलेक्ट्रॉनाची ऊर्जा नाही, ती वाढवायची तर रंग बदलावा लागतो. १९२१ चे नोबेल त्यांना सापेक्षतेसाठी नाही, मुख्यतः या नियमासाठी मिळाले. रॉबर्ट मिलिकन यांचा या कल्पनेवर विश्वास नव्हता. ती खोटी पाडता येते का हे पाहायला त्यांनी कित्येक वर्षे मोजणी केली आणि १९१६ साली त्यांचे स्वतःचेच आकडे आइन्स्टाइनच्या सूत्रावर तंतोतंत बसले.

तव्याच्या प्रयोगात एकच पथ्य आहे: चूल, निखारा किंवा गॅसची ज्योत पॅनेलला दिसता कामा नये. लाल निखाऱ्याच्या प्रारणात १.१ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे दाणे असतात, आकडा हलतो आणि मुले म्हणतात, उष्णतेने वीज झाली. तवा लाल होईपर्यंत तापवू नका, तेही याच कारणाने. पॅनेलला फार जवळ नेऊन ते वितळवूही नका.

आता ज्या प्रयोगासाठी हे पत्र लिहायला घेतले तो. यात एकाच एलईडीचा तरंगही मोजायचा आणि दाणाही.

पाच मिलिमीटरचे साधे एलईडी घ्या: लाल, हिरवा, निळा आणि रिमोटमध्ये असतो तसा अवरक्त, ९४० नॅनोमीटरचा. घेताना डोके पारदर्शक असलेलेच मागा. रंगीत प्लॅस्टिकच्या डोक्यावरून आतला प्रकाश कोणता हे सांगता येत नाही. पांढरा आणि गुलाबी एलईडी बाद, कारण त्यांच्या आत निळाच असतो, वरून पिवळ्या किंवा तांबड्या पावडरीचा लेप. लग्नाच्या रोषणाईच्या माळेतले एलईडीही नकोत, कित्येकांत आतच रोध किंवा चिप बसवलेली असते. हिरव्यात दोन जाती येतात: जुना पोपटी सुमारे ५६५ नॅनोमीटरचा आणि नवा गडद हिरवा सुमारे ५२५ चा. कोणताही चालेल, पण कोणता आहे हे मोजून ठरवा.

तरंगलांबी मोजायला जुनी सीडी हवी. लग्नाच्या शूटिंगच्या, निवडणुकीच्या प्रचाराच्या सीड्या घरोघरी धूळ खात पडल्या आहेत. छापील बाजूवर ब्लेडने एक चीर द्या, त्यावर पॅकिंगची रुंद चिकटपट्टी दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. चांदीसारखा पापुद्रा निघून येतो आणि खाली पारदर्शक चकती उरते. निळसर-हिरवट रंग राहिला तर स्पिरिटने पुसा. या चकतीवर १.६ मायक्रोमीटर अंतराने गोल खाचा असतात. कोऱ्या सीड्यांच्या थप्पीवर संरक्षणाला ठेवलेली पारदर्शक चकती मात्र घेऊ नका; तिच्यावर बहुधा खाचाच नसतात. डीव्हीडीही नको, तिच्या खाचा ०.७४ मायक्रोमीटरवर असतात आणि हे गणित चुकते. चकतीच्या कडेजवळचा दोन बोटांएवढा तुकडा कापा, कारण तिथे खाचा जवळजवळ सरळ असतात.

टेबलावर मीटरपट्टी आडवी ठेवून तिच्या शून्यावर एलईडी लावा. बरोबर १ मीटर अंतरावरून सीडीचा तुकडा डोळ्यासमोर धरून, खाचा उभ्या राहतील असा, एलईडीकडे पाहा. एलईडी समोर दिसतोच, शिवाय बाजूला त्याच रंगाचा एक पट्टा दिसतो. दुसऱ्या मुलाने मीटरपट्टीवर पेन्सिल सरकवत न्यावी आणि पाहणाऱ्याने ती पट्ट्याच्या मधोमध आली की थांबवावी. ६३० नॅनोमीटरच्या लाल एलईडीला सुमारे ४३ सेंटीमीटर येतात, ५२५ च्या हिरव्याला ३५, ४७० च्या निळ्याला ३१. हे बाजूचे अंतर भागिले कर्ण म्हणजे कोनाची ‘ज्या’ (साइन). तिला १६०० ने गुणले की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. आकडा फार चुकला तर बहुतेक वेळा सीडीचा तुकडा तिरपा धरलेला असतो. तो मीटरपट्टीला समांतर हवा. हे मोजमाप पूर्णपणे तरंगाचे. लेझर नाही, अंधारी खोली नाही. अवरक्त एलईडी डोळ्याला दिसत नाही, त्याची छापील तरंगलांबी घ्या. तो पेटला की नाही हे मोबाईलच्या कॅमेऱ्यातून कळते.

आता त्याच एलईडीचा दाणा. तीन पेन्सिल सेल, म्हणजे ४.५ व्होल्ट. १ किलोओहमचा फिरवायचा रोध, ज्याला दुकानात पॉट म्हणतात, सेलच्या दोन टोकांना त्याची बाहेरची दोन पाने जोडा. मधल्या पानापासून १ किलोओहमचा साधा रोध (तपकिरी, काळा, लाल पट्ट्यांचा), पुढे एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय सेलच्या ऋण टोकाला. एलईडी उलटा लागला तर पेटत नाही. बिघडला समजून टाकू नका, पाय अदलाबदल करा. साधा रोध वगळून एलईडी थेट सेलला लावला तर मात्र तो जाईल.

पुस्तकात लिहिलेले असते, एलईडी पेटू लागतो तेव्हाचे व्होल्ट नोंदवा. ही सूचना बरोबर नाही. पेटू लागला हे प्रत्येक डोळ्याला वेगळ्या वेळी दिसते, अंधारात आधी, उजेडात उशिरा, आणि लालपेक्षा हिरव्याला डोळा जास्त तीक्ष्ण. एका वर्गातले दहा गट दहा आकडे आणतात ते यामुळे. त्याऐवजी प्रवाह ठरवून घ्या. साध्या रोधाच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावून पॉट फिरवत ०.१ व्होल्ट आणा. १ किलोओहमवर ०.१ व्होल्ट म्हणजे प्रवाह ०.१ मिलिअँपिअर. मग तोच मल्टिमीटर एलईडीच्या दोन पायांवर लावून व्होल्ट नोंदवा. अवरक्तला १ च्या किंचित वर, लालला पावणेदोनच्या आसपास, हिरव्याला सव्वादोनच्या आत-बाहेर, निळ्याला अडीचच्या जवळ असे आकडे येतात. क्रम कधी चुकत नाही: तरंगलांबी आखूड, तर व्होल्ट जास्त. पॉट पुढे फिरवून उजेड दहापट केला तरी व्होल्ट थोडेसेच वाढतात. म्हणजे व्होल्ट ठरतात मुख्यतः रंगावरून, उजेडावरून नाही. एक इलेक्ट्रॉन एलईडीतून उतरतो आणि एक दाणा देतो; निळा दाणा महाग, लाल स्वस्त.

आलेखाच्या कागदावर उभ्या अक्षावर व्होल्ट आणि आडव्या अक्षावर एक भागिले तरंगलांबी घ्या. चार ठिपके जवळजवळ एका रेषेत बसतात. त्या रेषेचा चढ म्हणजे प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग भागिले इलेक्ट्रॉनचा भार. तो व्होल्ट-नॅनोमीटरमध्ये १२४० यायला हवा. वर्गात ११०० ते १४०० च्या दरम्यान येतो. नुसते व्होल्ट गुणिले तरंगलांबी केले तर गुणाकार १२४० पेक्षा कमीच येतो. याचे कारण मुलांना जरूर सांगावे: एलईडीचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा नसतो आणि इतक्या कमी प्रवाहाला खोलीच्या उष्णतेचीही थोडी मदत मिळते. म्हणून एका एलईडीवर विसंबू नये, रेषेचा चढ घ्यावा. मॅक्स प्लांक यांनी १९०० साली मांडलेल्या स्थिरांकाचा ६.६३ गुणिले १० चा उणे ३४ वा घात (ज्यूल-सेकंद) हा आकडा, दहा-पंधरा टक्क्यांच्या फरकाने, तीन पेन्सिल सेल आणि लग्नाच्या सीडीतून निघतो.

या प्रयोगानंतर विचारा: एलईडीचा प्रकाश आता तरंग आहे की कण? मीटरपट्टीवर लांबी मोजली तोच एलईडी, मल्टिमीटरवर ऊर्जा मोजली तोही तोच, आणि दोन्ही मापे एकाच रेषेवर बसली. ‘कधी-कधी’ला जागाच उरत नाही.

एक गोष्ट शाळेत दाखवता येत नाही, ती सांगावी लागते. १ मिलिवॅटच्या लाल लेझरमधून दर सेकंदाला सुमारे ३३ लाख अब्ज दाणे निघतात. कुणी म्हणेल, एवढ्या गर्दीत दाणे एकमेकांवर आपटून पट्टे होत असतील. जेफ्री टेलर यांनी १९०९ साली केंब्रिजमध्ये ही शंका तपासली. गॅसच्या ज्योतीचा उजेड काळवंडलेल्या काचांतून गाळत इतका मंद केला की सुईच्या सावलीचे पट्टे छायाचित्राच्या काचेवर उमटायला सर्वांत मंद प्रकाशात सुमारे तीन महिने लागले. पट्टे तितकेच स्पष्ट होते. गर्दीची गरज नव्हती.

द्रव्याची कथाही तीच. लुई द ब्रॉय यांनी १९२४ साली म्हटले, प्रत्येक कणाला तरंगलांबी आहे: प्लांकचा स्थिरांक भागिले संवेग (वस्तुमान गुणिले वेग). अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेव्हिसन आणि जर्मर निकेलच्या तुकड्यावर इलेक्ट्रॉन आदळून पाहत होते. १९२५ साली द्रवरूप हवेची बाटली फुटून त्यांच्या नळीत हवा शिरली आणि तापलेल्या निकेलवर गंज चढला. तो काढायला त्यांनी निकेल खूप तापवले, त्यात त्याचे बारीक स्फटिक जुळून मोठे झाले आणि पुढच्या मोजणीत इलेक्ट्रॉन ठरावीक दिशांनाच जास्त फेकले जाऊ लागले. १९२७ मध्ये ५४ व्होल्टला, ५० अंशांवर जो उंचवटा मिळाला त्यावरून तरंगलांबी ०.१६५ नॅनोमीटर निघाली. द ब्रॉय यांच्या सूत्राने ०.१६७. पुढे १९८९ साली जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडला. दहा इलेक्ट्रॉन आले तेव्हा पडद्यावर दहा ठिपके, कशाचा कशाला मेळ नाही. हजारो झाले तेव्हा पट्टे डोकावू लागले. ७० हजारांपर्यंत स्वच्छ उभे राहिले. प्रत्येक इलेक्ट्रॉन ठिपका म्हणूनच सापडला, पण कुठे सापडायचे ते तरंगाने ठरवले. १९९९ मध्ये व्हिएन्नात कार्बनच्या ६० अणूंच्या रेणूचेही पट्टे मिळाले.

मग क्रिकेटचा चेंडू तरंगासारखा का वाकत नाही? १६० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला ३० मीटर वेगाने गेला तर तरंगलांबी सुमारे १.४ गुणिले १० चा उणे ३४ वा घात मीटर. त्याला वाकवेल एवढी बारीक फट जगात नाही. जुन्या पेटीसारख्या टीव्हीतले इलेक्ट्रॉन २० हजार व्होल्टला ०.००९ नॅनोमीटरच्या आतले, आणि पडद्यावरचा ठिपका त्याच्या कोट्यवधी पट मोठा. म्हणून तिथे तरंग जाणवत नाही. (तसा टीव्ही उघडून दाखवायच्या फंदात पडू नका. बंद केल्यावरही त्यात जीव घेणारा भार राहू शकतो.)

एका गैरसमजाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण त्याचा बाजार झाला आहे. ‘पाहणाऱ्याच्या मनामुळे कणाचे वागणे बदलते’ असे सांगून क्वांटमच्या नावाखाली लोलक, गाद्या, पाण्याच्या बाटल्या दुखण्याखुपण्याने गांजलेल्या लोकांच्या गळ्यात मारल्या जातात. प्रयोग एवढेच सांगतो: कण कोणत्या वाटेने गेला याची खूण कुठेही राहिली की पट्टे जातात, मग ती खूण कुणी पाहो न पाहो. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरच्या पोलरॉइडच्या (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपने जाऊ देणाऱ्या पापुद्र्याच्या) तुकड्यांनी हे करून पाहता येते. लेझरसमोर एक तुकडा ४५ अंशांत. तारेच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक, दोघांचे अक्ष एकमेकांना काटकोनात, एक उभा, एक आडवा. आता प्रकाश तारेच्या कोणत्या बाजूने आला याची खूण त्याच्या कंपनाच्या दिशेत राहते आणि तारेमागचे पट्टे जातात. भिंतीच्या आधी चौथा तुकडा ४५ अंशांत धरला की ती खूण पुसली जाते आणि पट्टे परत येतात. खोलीत कुणी नसले तरी हेच होईल. पहिला तुकडा विसरला तर मात्र पट्टे हमखास परत येतील असे नाही.

आमची मागणी लहान आहे. केस, दोन फटी, तवा आणि एलईडी हे चार प्रयोग धडा शिकवण्याआधी, दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच व्हावेत आणि त्यांची चर्चा मराठीत व्हावी. संज्ञा इंग्रजीत लिहायच्या तर त्या नंतर लिहा. परीक्षेत ‘द्वैत स्वरूप म्हणजे काय’ याऐवजी ‘एक फट झाकली तर काळ्या जागेवर काय होईल आणि का’ असे विचारावे. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, १९२८ साली रामन परिणाम सापडला तो दिवस. त्याच्या चार वर्षे आधी ढाक्यात सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशाला दाण्यांचा वायू मानून प्लांकचे प्रारणाचे सूत्र नव्याने सिद्ध केले होते. त्या दिवशी सोड्याच्या ज्वालामुखीच्या प्रतिकृती थोड्या कमी करून एक टेबल या प्रयोगांना द्यावे. आदल्याच दिवशी मराठी भाषा गौरव दिन असतो, तेव्हा पाट्या मराठीत लिहायला निमित्तही आहे.

लेझर १ मिलिवॅटच्या आतला, तसे लिहिलेला घ्यावा. जत्रेतले हिरवे लेझर टाळावेत. त्यांवर लिहिलेल्यापेक्षा शक्ती पुष्कळदा जास्त असते आणि त्यांतून न दिसणारा अवरक्त प्रकाशही बाहेर पडतो. झोत बसलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊ देऊ नका, आणि वाटेत स्टीलचा डबा, पेला, घड्याळाची काच राहू देऊ नका. टिनाच्या छपराच्या वर्गात दिवसा अंधार होत नाही, खिळ्यांच्या भोकांतून ऊन येते. केसाचे आणि फटीचे प्रयोग डिसेंबरात संध्याकाळी सहानंतर घ्यावेत. एलईडीची मोजणी भर दुपारीही होते, आणि सगळे सेलवर चालत असल्याने भारनियमन असले तरी अडत नाही.

कळावे,
आपले,
भौतिकशास्त्राचे काही शिक्षक,
ग्रामीण विदर्भ